सोडायचा राहिलेला रुमाल

वाचकाचं पत्र, थोडक्यात :

कोल्हापूरपासून सुमारे ५० किलोमीटरवर, तालुक्याच्या गावी राहणाऱ्या या ताई ३६ वर्षांच्या आहेत. तिथल्याच महाविद्यालयात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवतात. घरी नवरा, सासूबाई आणि चौथीतली मुलगी. दोन वर्षांपूर्वी त्यांनी पीएच.डी.साठी अर्धवेळ नोंदणी केली. विषय आहे राजर्षी शाहूंच्या काळात कोल्हापुरात निघालेली विद्यार्थी वसतिगृहं. ग्रंथालयाकडून आणि संशोधकांच्या ग्रुपवरून त्यांना रोज सूचना येतात : नवा डेटाबेस सुरू झाला, संदर्भ-व्यवस्थापनाची कार्यशाळा आहे, फेलोशिपची मुदत संपतेय, परिषदेसाठी निबंध मागवलेत. असे दीडशेच्या वर मेसेज त्यांनी तारा लावून ठेवलेत. एका मैत्रिणीला फेलोशिप मिळाली, तेव्हापासून 'आपलं काहीतरी सुटतंय' या विचारानं त्यांना झोप येत नाही. नोकरी सोडून फेलोशिपच्या मागं लागावं का, पैसे भरून पंधरा दिवसांत पेपर छापून घ्यावा का आणि एकही संधी सुटणार नाही यासाठी काय करावं, असं त्या विचारतात. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिलंय, 'पुराभिलेखागारात अजून गेले नाही. मोडी येत नाही, जाऊन काय करणार?'

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा मेसेजचा आकडाच डोळ्यांत भरला. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की साडेतीन पानांत तुमच्या विषयाबद्दल एकच ओळ आहे : 'मिस क्लार्क बोर्डिंगमधल्या मुलांना रोज जेवायला काय मिळत होतं, हे मला शोधायचंय.' बाकी सगळ्या पत्रात मुदती, फॉर्म, लिंका आणि दुसऱ्यांना काय मिळालं याचाच हिशेब. ती एक ओळ मी माझ्या वहीत उतरवून घेतली. इतका चांगला प्रश्न फार दिवसांत माझ्या कानावर आला नव्हता.

मी ३१ वर्षं कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काढली. तेव्हा फोनवर काही येत नव्हतं. दारातल्या फळ्यावर टाचण्यांनी कागद लावायचे : परिषदा, शिष्यवृत्त्या, नव्या पुस्तकांची यादी. त्यामुळं सूचना पाठवणाऱ्याच्या बाजूनं हे सगळं कसं दिसतं ते मी सांगू शकते. त्याच्या यादीत शेकडो माणसं असतात. कुणी उसावरच्या किडीवर काम करतंय, कुणी नॅनो कणांवर, कुणी तुमच्यासारखं जुन्या कागदांवर. कुणाला काय लागेल हे त्याला ठाऊक नसतं, म्हणून तो सगळ्यांना सगळं पाठवतो. ते त्याचं कामच आहे आणि त्यानं ते नेटानं करावं. पण आठवड्याच्या बाजारात सगळी दुकानं मांडलेली असली, तरी पिशवीत काय पडणार ते घरातला कुठला डबा रिकामा झालाय यावरच ठरतं ना? तुम्ही डबे न बघताच बाजारात उभ्या आहात आणि प्रत्येक दुकान आपल्यालाच हाक मारतंय असं तुम्हाला वाटतंय.

एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही, ती इथं सांगते. बरीच वर्षं झाली. एक मुलगी काउंटरपाशी येऊन उभी राहिली. 'मॅडम, जुन्या हिशेबाच्या वह्या कुठं बघायला मिळतील?' एवढंच तिनं विचारलं. मी कुठल्याशा राष्ट्रीय परिषदेचा कागद फळ्यावर लावत होते. मान न वळवताच म्हणाले, 'फळा बघ, तिथं सगळं लावलंय.' तिनं फळ्यावरचे दोन पत्ते टिपून घेतले आणि ती गेली. पुन्हा आली नाही. सहा महिन्यांनी कळलं की तिनं विषयच बदलला. माझ्या पाठीमागच्या कपाटात एका जुन्या पेढीच्या रोजकीर्दी आणि खतावण्या कापडात बांधून ठेवलेल्या होत्या. किल्ल्या माझ्याच कमरेला होत्या. तुमचं पत्र वाचताना ती मुलगी आठवली, म्हणून हे उत्तर जरा लांबलंय.

आता तुमच्या प्रश्नांकडे येते.

फेलोशिपचं आधी. मैत्रिणीला मिळाली आणि आपल्याला नाही, कारण आपण मेसेज उशिरा पाहिला, असं तुम्ही धरून चाललाय. तसं नसावं. बहुतेक फेलोशिपना पूर्णवेळ संशोधन ही पहिली अट असते आणि त्या काळात दुसरीकडून पगार घेता येत नाही. तुमची नोंदणी अर्धवेळ आहे, वर तुम्ही तासिकांवर शिकवता. म्हणजे मेसेज वेळेवर पाहिला असता, तरी तो अर्ज तुमच्यासाठी नव्हताच. यात तुमची काही चूक नाही, आणि एवढं कळलं की निम्मी रुखरुख आपोआप जाईल.

मग नोकरी सोडून पूर्णवेळ व्हावं का? मी म्हणेन, फेलोशिप हातात आल्याशिवाय तासिका सोडू नका. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्था आपापल्या प्रवर्गातल्या संशोधकांना मदत करतात आणि अनेक घरांतली पहिली पीएच.डी. त्यांच्यामुळं झालीय. 'सारथी'चं उपकेंद्र तर कोल्हापुरातच आहे. पण जाहिरात कधी निघेल, निवड कधी होईल आणि पहिला हप्ता खात्यावर कधी पडेल, याचा भरवसा घरखर्चाला पुरेल इतका नसतो. केंद्राची जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप, १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये झालीय, पण त्यासाठी नेटची परीक्षा त्या गुणांनी पार करावी लागते. तेव्हा एका सकाळी विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागात जाऊन एवढंच विचारून या : अर्धवेळची नोंदणी पूर्णवेळ करता येते का, केली तर माझी मुदत कुठून मोजणार आणि माझ्या प्रवर्गातली कुठली फेलोशिप मला लागू पडते? उत्तर लेखी मागा. ते हातात आलं की नवऱ्याशी आणि सासूबाईंशी बसून बोला. त्याआधी घरात हा विषय काढून रोजची धुसफूस करून घेऊ नका.

मुदतीबद्दल तुम्ही फार घाबरलाय. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत पीएच.डी.साठी किमान ३ आणि साधारण ६ वर्षं धरली आहेत, पुढं मुदतवाढीची सोय आहे आणि स्त्री संशोधकांना आणखी २ वर्षांची सवलत आहे. तुमची दोनच झालीत.

आता पेपरचं. पैसे भरून पंधरा दिवसांत छापून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. याबाबत मी अगदी ठाम आहे. शोधनिबंध दुसऱ्या जाणकारानं वाचायचा, शंका काढायच्या, तुम्ही त्या दुरुस्त करायच्या, याला महिने लागतात. पंधरा दिवसांत तो कुणी वाचलेलाच नसतो. 'केअर यादीत आहे' असं सांगून कुणी गळ घातली, तर आयोगानं मान्य नियतकालिकांची ती यादीच २०२५ च्या सुरुवातीला बंद केली हे लक्षात असू द्या. आता नियतकालिक पारखायची जबाबदारी आपल्यावर आणि आपल्या विद्यापीठावर आहे. शिवाय प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही आयोगाची सक्ती २०२२ च्या नियमांत उरलेली नाही. विद्यापीठाची स्वतःची अट असू शकते, तेवढी विभागात विचारून घ्या. आणि तुम्ही मराठीत लिहिता तर मराठीत छापा. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाचं त्रैमासिक आहे, समाज प्रबोधन पत्रिका आहे. वसतिगृहातल्या जेवणाबद्दल तुम्ही खरोखर काही नवं शोधलंत, तर ते वाचणारी माणसं तिथं आहेत.

डेटाबेसच्या मेसेजांपैकी एक मात्र तुमच्या खरंच उपयोगाचा आहे, आणि तो तुम्ही तारा लावून नुसता ठेवून दिलाय. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही केंद्राची योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी उच्च शिक्षण संस्थांना तिच्यातून वाचायला मिळतात. तुमच्या महाविद्यालयात ती दिसत नाहीत म्हणून तुम्ही नाद सोडलात. पण तुम्ही विद्यापीठाच्या नोंदणीकृत संशोधक आहात, तेव्हा लॉगिन विद्यापीठाकडे मागायचं. शिवाजी विद्यापीठाच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात ओळखपत्र घेऊन जा आणि घरून वाचायची सोय कशी मिळेल ते विचारा. मग १३,००० बघत बसू नका. तुमच्या विषयाला उपयोगी पडतील अशी नियतकालिकं वीसही भरणार नाहीत. ती निवडा, त्यांचा नवा अंक आला की ईमेल येईल अशी खूण करून ठेवा आणि बाकीची विसरा. 'शोधगंगा' मात्र आधी उघडा. देशभरातले प्रबंध तिथं फुकट आहेत. शाहूकालीन शिक्षणावर कुणी काय करून ठेवलंय ते चार संध्याकाळीत कळेल, आणि कुणी काय केलेलं नाही तेही कळेल.

आता मला खरं जे बोलायचंय त्याकडे येते.

तुमच्या पत्रातली शेवटची दोन वाक्यं मला सगळ्यांत महत्त्वाची वाटली. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात दोन वर्षांत तुम्ही एकदाही गेला नाहीत, कारण मोडी येत नाही. मेसेजला तारा लावणं सोपं आहे. त्यात अभ्यास चालू असल्यासारखं वाटतं आणि 'मला हे वाचता येत नाही' असं कुणासमोर कबूल करावं लागत नाही. मी तुम्हाला दोष देत नाही. पहिला मोडी कागद समोर आला तेव्हा माझेही हातपाय गळाले होते. सगळी ओळ एका दमात, शब्द कुठं संपतो ते कळेना, कारण आधी पानभर रेघ ओढायची आणि मग बोरू न उचलता तिला अक्षरं लटकवत जायची, अशी ती लिपी. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. त्या दिवशी हिशेबाच्या एकाच पानावर मी संध्याकाळपर्यंत अडून बसले होते. रुपयांच्या आकड्यापुढं कधी एक उभी रेघ, कधी दोन. मला ते पूर्णविराम वाटत होते. शेजारी बसलेल्या एका वयस्कर वाचकांनी वाकून पाहिलं आणि हळूच म्हणाले, 'बाई, एक रेघ म्हणजे पाव. रुपयाचा पाव, म्हणजे चार आणे. दोन म्हणजे आठ.' पुढं बेरीज जुळली तेव्हा मला रडूच आलं.

तुमच्या विषयाचं सगळं पाणी याच विहिरीत आहे. करवीर संस्थानची दप्तरं कोल्हापुरात आहेत. महाराष्ट्राच्या पुराभिलेख खात्याची जी मोजकी केंद्रं आहेत, मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, त्यांतलं एक आपल्या गावात आहे. लंडनच्या संशोधकाला इथं यायला व्हिसा आणि अनुदान लागतं. तुम्हाला एसटीचं अर्धं तिकीट लागतं.

आणि तुमचा काळ तुलनेनं सोपा आहे. १७०७ नंतरची ताराबाईंच्या काळातली पत्रं वाचायची असती तर वेगळं. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग १९०१ चं, मुस्लिम बोर्डिंग १९०६ चं, मिस क्लार्क बोर्डिंग १९०८ चं. तोवर दरबारचा बराच कारभार बाळबोध, म्हणजे देवनागरी, छपाईत आणि इंग्रजीतही होत होता. करवीर सरकारचं गॅझेट छापील आहे. शिवाय विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांनी शाहू महाराजांच्या कागदपत्रांच्या संपादनाचं काम हाती घेतलं, ते 'राजर्षी शाहू छत्रपती पेपर्स' या नावानं खंडांत छापलेलं आहे. म्हणजे मोडी यायच्या आधीही तुम्ही कामाला लागू शकता : आधी छापील खंड, मग गॅझेट, मग इंग्रजी पत्रव्यवहार, आणि तोवर आठवड्यातून दोन तास मोडी. मोडी शिकवणारे वर्ग कोल्हापुरात होतात. अशा वर्गाचा मेसेज तुमच्या तारांकितांत असेलच. दीडशेपैकी तो शोधून काढा, तो तुमच्या नावचा आहे.

एक बारीक गोष्ट आत्ताच शिकून ठेवा, पुढं फार वेळ वाचेल. हिशेबाच्या कागदांवर फसली सन, म्हणजे महसुलाच्या हिशेबाचं जुनं साल, दिसला तर इसवी सन काढायला त्यात ५९० किंवा ५९१ मिळवायचे. साल जूनमध्ये, मृगाच्या सुमारास बदलतं. म्हणजे १३१७ फसली लिहिलेला धान्याचा हिशेब १९०७ च्या पावसाळ्यापासून १९०८ च्या उन्हाळ्यापर्यंतचा. मिस क्लार्क बोर्डिंगच्या सुरुवातीच्या दिवसांशी ताडून बघताना याच एका वर्षाची चूक होते आणि सगळा निष्कर्ष वाकडा जातो.

सापडेलच असं मी म्हणत नाही. मुलांच्या ताटात काय होतं याची सरळ नोंद कुणी केली नसेलही. मग जोंधळा किती घेतला, तेल किती, जळण किती, स्वयंपाक्याला पगार किती आणि मुलं किती, यावरून ताट उभं करावं लागेल. किती घरांतून पहिल्यांदाच कुणी शिकायला शहरात आलं होतं, याचा विचार करा. त्या मुलाला रात्री पोटभर भाकरी मिळत होती का, हा साधा प्रश्न नव्हे. सगळ्या आदेशांची आणि भाषणांची परीक्षा त्या भाकरीपाशी होते. म्हणून म्हणते, हा विषय सोडू नका.

आणि गंमत अशी की प्रश्न इतका नेमका झाला की संधी ओळखू यायला लागतात. उद्या कळेल की करवीर संस्थान आणि तेव्हाचं मुंबई सरकार यांच्यातला पत्रव्यवहार मुंबईच्या पुराभिलेखागारात बघावा लागेल. तेव्हा प्रवास-अनुदानाचा मेसेज तुमच्या कामाचा. कधी एखादा धागा लंडनमधून भारताचा कारभार बघणाऱ्या जुन्या इंडिया ऑफिसच्या कागदांपर्यंत गेला, तर चार्ल्स वॉलेस ट्रस्टच्या संशोधन अनुदानाबद्दल वाचा. हाती दहा पानं जमली की अखिल महाराष्ट्र इतिहास परिषदेसाठी निबंध पाठवा. आज यातलं काहीच करायचं नाही.

मेसेजचं काय करायचं ते थोडक्यात सांगते. रविवारी अर्धा तास ठेवा. प्रत्येक सूचनेला तीनच गोष्टी विचारा : माझ्या प्रश्नाला उपयोग आहे का, मी अटीत बसते का, मुदत कधी? पहिल्या दोन्हींना 'हो' आलं तरच मुदत कॅलेंडरवर लिहायची, स्वयंपाकघरातल्या, फोनमधल्या नव्हे, म्हणजे घरातल्यांनाही दिसेल. बाकी तारे काढून टाका. दीडशेतले पाच-सहा उरतील असा माझा अंदाज आहे.

अशीच पत्रं मला विज्ञान शाखेतल्या संशोधकांकडूनही येतात. त्यांचे कागद वेगळे, प्रयोगशाळा वेगळी, पण गोंधळ हाच. त्यांनाही एवढंच सांगते की ग्रंथपालाकडे जाताना 'सर, काही नवीन आलंय का?' असं विचारू नका. तुमचा प्रश्न एका ओळीत लिहून कागद त्यांच्या हातात द्या. चांगला ग्रंथपाल त्या ओळीवर आठवडाभर विचार करतो. मला निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमची ओळ वाचल्यापासून मी मनातल्या मनात कपाटं उघडून बघतेय. आणि पहिल्या भेटीत कुणी तुम्हाला फळा दाखवला, तर हलू नका. पुन्हा विचारा.

बुधवारी तुम्हाला तास नसतात, असं लिहिलंय. येत्या बुधवारी पहिल्या गाडीनं कोल्हापूरला या. आधी फोन करून वेळ विचारा. गाईड सरांचं शिफारसपत्र आणि ओळखपत्र बरोबर घ्या, त्याशिवाय परवानगी मिळत नाही. तिथं कापडात बांधलेल्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात. वसतिगृहांसंबंधीचे कागद कुठल्या दप्तरात येतात, त्याची सूची बघायला मागा, आणि वाचता येवो न येवो, त्यातला एक रुमाल सोडून समोर घ्या. पहिल्या दिवशी फक्त तारखा आणि आकडे ओळखायचा प्रयत्न करा. मुलीला शाळेतून आणायचं सासूबाईंना एका दिवसासाठी सांगून ठेवा. डबा घेऊन या, कारण दुपारी उठून बाहेर गेलं की लय तुटते. आणि शिसपेन्सिली दोन ठेवा. जुन्या कागदांपाशी पेन चालत नाही, आणि एका पेन्सिलीचं टोक नेमकं आकडे उतरवतानाच मोडतं.